गप्प बसायला सोबत

बारामतीत रविवारी सकाळी सामूहिक साधना असते, हे मला मरकळच्या विपश्यना केंद्रात कळलं. दहा दिवसांच्या शिबिरात शेवटी मौन सुटतं आणि इतके दिवस एकमेकींकडे न पाहिलेल्या बायका एकदम बोलू लागतात. त्या गलक्यात बारामतीच्या एका ताईंनी मला घराचा पत्ता लिहून दिला. म्हणाल्या, "इंदापूर तालुक्यातल्या ना तुम्ही? मग याच. एकटीनं टिकत नाही."

त्यांचं म्हणणं घरी आल्यावर पटलं. शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसणं होतं, नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळं, एवढंच. तिथली सगळी व्यवस्था माणसानं बसावं म्हणूनच केलेली. निमगाव केतकीतल्या आमच्या घरी पहाटे चारला शेतातल्या मोटारीची लाईट येते. मग गाईंची धार, मग डबे, मग शाळा. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला शिकवलेलं असतं, पण डोळे मिटले की कान दाराशी जातात.

मी शाळेत शिकवते; हेच मी वर्गातही पाहत होते. राज्याच्या शिक्षण विभागानं विपश्यना विशोधन विन्यासाच्या साथीनं शाळांमध्ये 'मित्र उपक्रम' सुरू केला. त्यात मुलं दहा मिनिटं डोळे मिटून येणारा-जाणारा श्वास पाहतात. या सरावाला आनापान म्हणतात. एरवी ज्या वर्गात खडू पडला तरी दंगा होतो, तो वर्ग त्या दहा मिनिटांत खरोखर शांत होतो. घरी करता का, असं विचारल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली होती, "बाई, घरी नाय होत. हितं सगळी बसत्यात म्हणून होतं."

मी बारामतीला जायचं ठरवलं, तेव्हा मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नवल वाटलं. गळ्यात माळ, आयुष्यभर वारी केलेली, तुकोबांची पालखी आमच्याच गावात मुक्कामाला. त्यांनी विचारलं, "पोरी, गप बसायला बारामतीपतोर कशापायी? भजनाला टाळकरी लागत्यात. गप बसायलाबी लागत्यात व्हय?" प्रश्न मनापासूनचा होता. आमच्या घरी देवाचं नाव कायम मोठ्यानंच घेतलं गेलं. काकड्याला पखवाज घुमला नाही तर दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. "जाऊन येते आणि सांगते," एवढंच मी म्हणाले.

थंडीचे दिवस होते, कारखाने सुरू झालेले. अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी, सणसर करत एसटी निघाली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, भवानीनगरजवळ मळीचा वास. आषाढात बेलवाडीला गोल रिंगण होतं तेव्हा कडेनं माणसांची भिंत उभी राहते आणि मधून अश्व धावतो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ते पाहिलंय. त्या गर्दीत आपण कोण हे विसरायला होतं. त्या दिवशी खिडकीतून बाहेर बघताना वाटलं, मामांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी असेल का?

बारामतीत एका सोसायटीतलं ते घर होतं. दिवाणखान्यातलं सामान भिंतीला सारून सतरंज्या अंथरलेल्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. ना फोटो, ना उदबत्ती. 1956 साली ज्यांच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली होती अशा एक नर्स, एका जैन व्यापाऱ्याच्या घरातल्या आजी, निवृत्त बँक अधिकारी, एक टेम्पोचालक. एरवी यांतली किती माणसं एकमेकांच्या घरात अशी मांडीला मांडी लावून बसली असती, हा विचार माझ्या मनात आला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

आठ वाजता दार लोटलं. टेपवर विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींचा खर्जातला आवाज आला, मग तोही थांबला. पुढचा तास अधिष्ठानाचा होता. हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत, हलायचं नाही. वीसेक मिनिटांत माझा डावा घोटा दुखायला लागला. मग दुखणं मांडीत चढलं आणि तिथे ठाण मांडून बसलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून गाणी वाजवत ट्रॅक्टर गेला. घरी असते तर याच क्षणी उठले असते. इथे डावीकडून आजींचा श्वास ऐकू येत होता, मंद, थोडासा घरघरता. त्यांना दम्याचा त्रास होता, हे नंतर कळलं. त्या हलल्या नाहीत, म्हणून मीही हलले नाही. मग एक वेळ अशी आली की दुखणं तसंच होतं, पण ते कधी संपेल हा धोशा थांबला होता. घोट्यात काहीतरी धडधडतंय, पसरतंय, विरतंय, पुन्हा उठतंय, एवढंच दिसत होतं. शिबिरात जे ऐकलं होतं, ते तिथे अंगात उतरलं.

शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांच्या भल्याची कामना झाली, सगळ्यांनी तीनदा 'साधु' म्हटलं. पाय सरळ करायलाच मला पाच मिनिटं लागली.

चहा घेताना मी मामांचा प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. निवृत्त बँक अधिकारी काकांनी ऊ बा खिन यांची गोष्ट सांगितली. गोयंकांचे हे गुरू 1948 मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. एवढ्या मोठ्या हुद्द्यावर असताना त्यांनी आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवलं. जंगलात जा, असं सांगितलं नाही. हिशेबाच्या वह्यांमधल्या माणसांना एकत्र बसवलं. मंडालेत जन्मलेले व्यापारी गोयंका त्यांच्याकडेच शिकले आणि 1969 मध्ये ही विद्या घेऊन भारतात आले.

कोपऱ्यातला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी झेन या बौद्ध ध्यानपरंपरेबद्दल पुष्कळ वाचलेला होता. कोडाईकनालजवळ पेरुमलमलईला आमा सामी या जेझुइट धर्मगुरूंनी उभारलेलं 'बोधी झेंडो' आहे, तिथे त्याला जायचंय. तो सांगत होता, सोतो या झेन पंथात भिंतीकडे तोंड करून, डोळे अर्धवट उघडे ठेवून बसतात आणि दोन बैठकींच्या मधे सगळे एका ओळीत हळूहळू चालतात. तेराव्या शतकात चीनहून जपानात परतलेल्या दोगेन यांच्या परंपरेत भिक्षूंचं बसणं, जेवणं, झोपणं सगळं एकाच दालनात, प्रत्येकाच्या वाट्याला एक चटई. मला त्यातली ती भिंत फार आवडली. समोर भिंत, कुणाचा चेहरा दिसत नाही, तरी बसायचं मात्र सगळ्यांच्या सोबतीनं.

रात्री मामांना मी सगळं सांगितलं: आजींचा श्वास, घोटा, चहा, सगळं. रिंगणात माणूस कडेला उभा असतो तसंच काहीसं, असं म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे टाळ नसला तरी दिंडी हायेच की."

बारामतीहून निघताना त्या नर्स म्हणाल्या होत्या की निमगाव, शेळगाव, इंदापूर भागात शिबिर केलेली बरीच माणसं आहेत, पण त्यांना जवळ जागा नाही. रीतीप्रमाणे केंद्राला विचारावं लागतं. बाकी एक स्वच्छ खोली आणि ध्वनिमुद्रण, एवढंच हवं. मामा म्हणाले, माडीवरची खोली रिकामी आहे. रविवारी सकाळची वेळ त्यांनीच ठरवली, दूध घालून झाल्यावरची. आषाढात पालखी मुक्कामाला असेल तेव्हा मात्र आपली बैठक बंद, असं त्यांनी बजावून ठेवलंय. ती खोली तेव्हा वारकऱ्यांना लागते.