वेदना आणि झिणझिण्या

खेळताना गुडघ्याला मार बसलेले मूल रडता रडता ती जागा चोळू लागते आणि घरातील मोठी माणसेही तेथेच हात फिरवतात, यामागे केवळ माया नसून मज्जासंस्थेची एक रचना आहे, ही गोष्ट रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धान्तामुळे उमगू लागली. स्पर्शाचे संदेश जाड व वेगवान तंतूंमधून, तर वेदनेचे संदेश बारीक तंतूंमधून मज्जारज्जूत येतात आणि तेथे स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेचा मेंदूकडे जाणारा मार्ग काही काळ अरुंद होतो. सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले, तरी हा गाभा टिकून आहे.

हेच चोळणे विजेकडून करवून घेता येईल का, हे पाहण्यासाठी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्यातील मज्जातंतूवर विजेचे स्पंद सोडले आणि मग आठ रुग्णांवरील अनुभव १९६७ साली प्रसिद्ध केला. काहींना दोन मिनिटांच्या उत्तेजनानंतर अर्ध्या तासाहून अधिक आराम पडला होता. त्यातून पुढे आलेले ‘टेन्स’, म्हणजे त्वचेवरून मज्जातंतूंना विद्युत उत्तेजन देणारे यंत्र, आज मुठीत मावते. दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकट पॅड लावून सेकंदाला साधारण शंभर स्पंद सोडले जातात आणि झिणझिण्या ठळक जाणवाव्यात, पण स्नायू आखडू नये, इतपतच करंट वाढवला जातो.

बालपणी हाताने होणारे हे काम पुढे मासिक पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात आणि उतारवयातील गुडघेदुखीत यंत्राकडे जाते. त्यांतील बाळंतपणाचा दाखला विशेष बोलका आहे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पॅड लावलेली स्त्री कळ येताच बटण दाबून जोर वाढवते आणि कळ ओसरली की कमी करते. अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात मात्र वेदनेच्या मोजमापात फारसा फरक आढळला नाही, तरीही बहुतेक स्त्रियांनी पुढच्या वेळी हे यंत्र पुन्हा वापरण्याची तयारी दाखवली. या तयारीला भ्रम म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे, कारण ज्या घटकेला सारे काही दुसऱ्यांच्या हाती असते, त्या घटकेला वेदनेवरचे एक बटण तरी स्वतःच्या हाती असणे ही लहान बाब नव्हे.

तरीही उतारवयात, जेव्हा हे यंत्र घरोघरी विकत आणले जाते, तेव्हा त्याची मर्यादा स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही, जुनाट दुखण्यातील त्याच्या उपयोगाचा पुरावा अजून कच्चा आहे आणि रोज तोच करंट घेतल्यास शरीराला त्याची सवय होऊन परिणाम उणावतो. दुखणे दबलेल्या त्या तासाभरात मांडीच्या स्नायूंचे व्यायाम उरकले, तरच खरा लाभ पदरी पडतो. नुसते पडून राहिल्यास तो तास वाया जातो. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावू नये, गळ्याच्या पुढच्या भागावर ते कोणीच लावू नये आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांवर पॅड चिकटवण्यापूर्वी तेथे स्पर्श कळतो की नाही, हे आधी तपासून घ्यावे.