‘मानवोत्तर’ या संज्ञेतील उत्तर

‘पोस्टह्यूमन’ या संज्ञेसाठी ‘मानवोत्तर’ हा शब्द मराठीत सहज रुळण्यासारखा आहे. स्वातंत्र्योत्तर, साठोत्तरी, वसाहतोत्तर या परिचित शब्दांच्या पंक्तीत तो निमूटपणे बसतो, आणि म्हणूनच त्यातील ‘उत्तर’ या पदाचा अर्थ ‘नंतरचा’ एवढाच गृहीत धरला जातो. मराठीत उत्तर म्हणजे जबाबही. हा दुसरा अर्थ केवळ शब्दच्छलाचा भाग नाही. माणूस या कोटीत ज्यांची गणनाच पूर्णपणे झाली नव्हती, त्यांना ‘आता आपण सारे मानवानंतरच्या काळात आहोत’ असे सांगितले जाते, तेव्हा त्यांनी कशाचा निरोप घ्यावयाचा, हा प्रश्न उरतोच. कृष्णवर्णीय अमेरिकन विज्ञानकथेने तो अनेक वर्षे लावून धरला आहे.

मानवोत्तर विचाराच्या टीकेचा रोख कोणत्या ‘मानवा’वर आहे, हे प्रथम पाहावयास हवे. डोना हॅरवे यांनी १९८५ साली सायबॉर्गविषयक जाहीरनामा लिहिला. कॅथरीन हेल्स यांचा ‘हाऊ वी बिकेम पोस्टह्यूमन’ हा ग्रंथ १९९९ सालचा. हेल्स यांनी सी. बी. मॅकफर्सन यांच्या विवेचनाचा आधार घेऊन उदारमतवादी मानवाचे जे लक्षण सांगितले, त्याच्या केंद्रस्थानी मालकी आहे. स्वतःच्या देहाचा व क्षमतांचा मालक तो मानव. या लक्षणाची चिकित्सा आवश्यकच होती. परंतु ज्यांच्या देहाची मालकी कायद्याने दुसऱ्याकडे होती, त्यांच्या बाजूने पाहिले की तिचा अर्थ पालटतो. १७८७ च्या अमेरिकन संविधान परिषदेत प्रतिनिधित्व ठरविताना पाच गुलामांची गणना तीन माणसांएवढी धरण्याची तडजोड झाली. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले. गुलामगिरी संविधानातून हद्दपार झाली ती १८६५ साली, तेराव्या दुरुस्तीने. माणसाचे अपूर्णांकात रूपांतर करणे आणि त्याची वहीत किंमतीसह नोंद करणे, ही कल्पित भविष्यातील नव्हे, तर मळ्यांवरील रोजची व्यवहाररीत होती. सिल्व्हिया विंटर यांनी २००३ सालच्या आपल्या दीर्घ निबंधात म्हटले ते याच दिशेचे आहे: पाश्चात्त्य जगाने घडविलेली ‘मनुष्या’ची एक विशिष्ट प्रतिमा हीच जणू संपूर्ण मानवता, असे मानले गेले. ही प्रतिमा मोडणे आणि मानवतेचाच निरोप घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘आफ्रोफ्यूचरिझम’ ही संज्ञा मार्क डेरी यांनी १९९३ साली सॅम्युएल डिलेनी, ग्रेग टेट आणि ट्रिशिया रोझ यांच्या मुलाखतींच्या प्रास्ताविकात प्रथम योजली. ज्या समाजाचा भूतकाळ हेतुपुरस्सर पुसला गेला त्याला भविष्याची कल्पना कशी करता येईल, ही त्यांची पृच्छा होती. नावाच्या आधी वस्तू अस्तित्वात होतीच. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची ‘द कॉमेट’ ही कथा १९२० सालची. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मृतवत झाल्यावर एक कृष्णवर्णीय निरोप्या आणि एक श्रीमंत गोरी तरुणी एवढेच वाचले आहेत असे दोघांना वाटते, आणि त्या भयाण एकांतात ती दोघे परस्परांना प्रथमच माणूस म्हणून पाहतात. तेवढ्यात तिचे वडील व भावी पती येतात. मृत्यू फक्त शहरापुरताच होता हे कळते, आणि त्या क्षणी वर्णव्यवस्थाही जागच्या जागी परतते. जगाचा अंत झाला तरच समानता शक्य व्हावी, हा या कथेतील उपरोध बोचरा आहे. योगायोग असा, की कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटकही १९२० सालीच प्रसिद्ध झाले. त्याने जगाला दिलेला ‘रोबो’ हा शब्द सक्तीच्या श्रमाचा वाचक असलेल्या चेक शब्दापासून घडला आहे. यंत्रमानवाची कल्पना जन्मली ती वेठबिगारीच्या भाषेतूनच.

या वाङ्मयप्रकाराच्या अंगणातही प्रवेश सुलभ नव्हता. डिलेनी यांच्या ‘नोव्हा’ (१९६८) या कादंबरीतील कामगार मनगटातील व मणक्याच्या तळाशी असलेल्या जोडण्यांतून यंत्राशी थेट जोडला जातो. हॅरवे यांच्या जाहीरनाम्याच्या सतरा वर्षे आधीचा हा सायबॉर्ग आहे. तिचा नायक लॉर्क वॉन रे याची आई सेनेगलची. ‘अ‍ॅनालॉग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ही कादंबरी क्रमशः छापण्यास नकार दिला. कृष्णवर्णीय नायकाशी आपला वाचक समरस होणार नाही, असे कारण त्यांनी दिल्याचे डिलेनी यांनी १९९८ साली लिहिले आहे. देह आणि यंत्र यांचा संकर वाचकाला पचेल, नायकाचा वर्ण पचणार नाही, हा यातील हिशेब आहे.

अशा परिस्थितीत ‘मानव’ हे बिरुदच झुगारून देण्याचा मार्ग काहींना मोकळा वाटला. १९१४ साली अलाबामातील बर्मिंगहॅम येथे जन्मलेले संगीतकार सन रा आपण शनी ग्रहावरून आल्याचे सांगत. कोडवो एशून यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात कृष्णवर्णीय संगीताचा विचार करताना या परग्रहीपणाचा पुरस्कार केला आणि आत्मा, वेदना, मानवता या रूढ पदावलीस सोडचिठ्ठी दिली. अलेक्झांडर वेहेलिये यांनी २००२ साली याच संगीतातील यांत्रिक केलेल्या मानवी आवाजाकडे लक्ष वेधले आणि तेथे माणूसपण नाहीसे होत नसून नव्याने घडते, असे प्रतिपादन केले. हा वाद परंपरेच्या आतला आहे. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या लेखनाने त्यात न शिरताही त्याला सर्वांत अवघड वळण दिले.

बटलर (१९४७–२००६) कॅलिफोर्नियातील पासाडीना येथे वाढल्या. वडील लवकर वारले. आई लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करी. मागल्या दाराने आत जाणारी आणि अपमान मुकाट्याने गिळणारी आई लहानपणी त्यांनी पाहिली होती, आणि त्या मुकेपणाची चीडही त्यांना होती. पुढे महाविद्यालयात कृष्णवर्णीय अस्मितेच्या चळवळीतील एक तरुण म्हणाला, की ज्यांनी आपल्याला इतका काळ मागे ठेवले त्या वडीलधाऱ्यांना मारून टाकावेसे वाटते. पण सुरुवात स्वतःच्या आईवडिलांपासून करावी लागेल. त्याला इतिहास ठाऊक होता, परंतु तो सोसून जगणे म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. आपण खाल्लेला घास त्या अपमानांच्या मोबदल्यात आला आहे, हे बटलर यांना तोवर उमगले होते. ‘किंड्रेड’ (१९७९) या कादंबरीचे बीज या संवादात आहे, असे त्यांनी अनेकदा सांगितले.

या कादंबरीतील डेना १९७६ च्या कॅलिफोर्नियातून एकोणिसाव्या शतकातील मेरीलँडमध्ये खेचली जाते. कालयंत्र नाही, शास्त्रीय स्पष्टीकरण नाही. त्यामुळे बटलर स्वतः तिला विज्ञानकथा म्हणत नसत. मळेवाल्याचा मुलगा रूफस याचा जीव धोक्यात आला की डेना तेथे ओढली जाते. तिचा स्वतःचा जीव धोक्यात आला की परत येते. रूफस तिचा पूर्वज आहे. त्याच्यापासून ॲलिस या स्त्रीला हेगर ही मुलगी होईपर्यंत तो जगला पाहिजे, अन्यथा डेनाचा वंशच संभवत नाही. म्हणून ती त्याला वारंवार वाचवते आणि एका टप्प्यावर ॲलिसने त्याच्याकडे जावे, हा त्याचा निरोपही पोचवते. ‘किंड्रेड’ या शब्दाला मराठीत सगेसोयरे म्हणावे, तर सोयरिकीचा लवलेश नाही; आहे ते बळजोरीने जडलेले रक्ताचे नाते. आपले अस्तित्वच एका अत्याचाराचे फलित आहे, हे मान्य करून जगावयाचे कसे, हा येथील पेच आहे, आणि तो आईवर रागावलेल्या त्या तरुणालाही उद्देशून आहे. अखेरच्या परतीत डेनाचा डावा हात कोपराच्या वर, जेथे रूफसची पकड होती तेथेच, भिंतीत अडकून तुटतो. देहाला निव्वळ आवरण मानणाऱ्या आणि जाणीव संगणकात उतरविण्याची स्वप्ने पाहणाऱ्या मानवोत्तरवादाला — हेल्स यांचाही विरोध होता तो याच वृत्तीला — यापरते स्पष्ट उत्तर नाही. वहीतील नोंदींनी जे राखले नाही, ते देहाने राखले आहे.

‘डॉन’ (१९८७) या कादंबरीत हाच पेच भविष्यात जातो. अणुयुद्धानंतर वाचलेल्या माणसांना ओआंकाली हे परग्रहवासी जीवदान देतात. मोबदला म्हणून जनुकांची देवघेव आणि संकरित संतती. हॅरवे यांना या कथामालेत शुद्ध वंशाच्या कल्पनेला पर्याय दिसला, आणि तो त्यात आहेच. परंतु नायिका लिलिथ हिला गर्भ राहतो तो तिची संमती न विचारता. तुला हे मनातून हवेच होते, असे तिला सांगितले जाते. नवी संतती सुंदर असू शकेल, तिच्यावर प्रेमही जडेल. तरी संमतीचा प्रश्न मिटत नाही. संकराचा उत्सव करणाऱ्या सिद्धान्ताला गुलाम स्त्रियांच्या सक्तीच्या मातृत्वाचे विस्मरण होऊ नये, यासाठी बटलर लिलिथला या दोहोंच्या मध्ये उभी करतात आणि तिची सुटका करीत नाहीत.

मराठी वाचकाला ही चर्चा दूरची वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर आणि ड्यू बॉइस यांच्यात १९४६ साली पत्रव्यवहार झाला. दलित पँथरने १९७२ साली आपले नावच तेथून घेतले, आणि जनार्दन वाघमारे यांचे ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक आले १९७८ साली, ‘किंड्रेड’च्या आदल्या वर्षी. या संवादात मराठी समीक्षेने प्रमाण मानली ती भोगलेल्याची साक्ष. आत्मकथन हा तिचा आधार राहिला. कल्पिताला तेथे पळवाटेचा संशय चिकटला, आणि तो निराधारही नव्हता. ‘किंड्रेड’ मात्र गुलामांच्या आत्मकथनांचा आकृतिबंध घेते, फ्रेडरिक डग्लस ज्या प्रदेशात गुलाम होते त्याच मेरीलँडमध्ये घडते आणि एका अद्भुत युक्तीने आजच्या वाचकाला साक्षीदाराच्या जागी उभे करते. साक्ष आणि कल्पित यांतील ही भिंत मराठीत किती आवश्यक आहे, याचा पुनर्विचार त्यामुळे करावा लागेल. तो करताना ‘मानवोत्तर’ या शब्दातील ‘उत्तर’चे दोन्ही अर्थ विचारात घ्यावे लागतील, कारण ज्यांचा जबाब अद्याप नोंदविला गेलेला नाही, त्यांच्यासाठी ‘नंतर’ सुरू झालेले नाही.