आईने एकच साचा दिला होता!

२०१६ साली आमच्या लातूरचे नाव देशभर झाले ते पाण्याच्या रेल्वेमुळे. मिरजेहून पाणी भरून गाडी यायची आणि इकडे गल्लोगल्ली हंड्यांच्या रांगा लागायच्या. ज्याच्या घरी हंडे जास्त, त्याचे पाणी जास्त! अण्णा त्या रांगेत उभे राहून भांडणे सोडवत. हेच हंडे पुढे त्यांच्या दुखण्यातही भेटतील, असे तेव्हा कुणाला वाटले असेल?

२०१९च्या दिवाळीआधी अण्णांची कंबर धरली. वय झाले म्हणून आम्ही शेकत राहिलो. तपासण्या केल्या तेव्हा प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तोही मणक्यापर्यंत पोचलेला. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू केले. हा रोग पुरुषाच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर पोसतो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली हे दाखवले आणि १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इंजेक्शनने ते संप्रेरकच आटवायचे, असा उपाय.

गुण आला. पीएसए या रक्तचाचणीचा आकडा झपाट्याने उतरला. अण्णा पुन्हा फिरायला जाऊ लागले. अडीच वर्षे बरी गेली आणि २०२२च्या उन्हाळ्यात तोच आकडा चढू लागला.

घरात कुणी काही बोलेना. आईने एके दिवशी लाडवांचा डबा रिकामा करून माळ्यावर टाकला. साखरेने कर्करोग वाढतो, असे शेजारणीने तिच्या मनात भरवले होते. आणि मी? मार्चअखेरच्या कामात अण्णांचे इंजेक्शन आठ दिवस लांबवले होते. रात्री डोळा लागत नसे. शेवटी डॉक्टरांसमोर आम्ही दोघांनीही आपापला गुन्हा कबूल केला.

डॉक्टर म्हणाले, "काकू, लाडवांनी हे झालेलं नाही. आणि तुमच्या आठ दिवसांनीही नाही."

अण्णांच्या गाठीचा तुकडा पुन्हा काढून तपासला होता. तो अहवाल पुढे ओढून त्यांनी विचारले, "तुम्ही लातूरचे ना? मग ऐका. पेशीत हे संप्रेरक झेलणारी प्रथिनं असतात. त्यांना हंडे म्हणा. हंडे घडवायचा साचा म्हणजे एक जनुक. ते एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून पुरुषाला ते एकच मिळतं, आईकडून. कर्करोगाच्या पेशी वाढताना कधी नक्कल चुकते आणि गुणसूत्राचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा छापला जातो. साचे वाढले की हंडे वाढतात. यालाच जीन ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. भरपूर पाणी असताना अशा पेशीला त्याचा फारसा फायदा नाही. पण आपण इंजेक्शनने पाणी तोडलं, की बाकीच्या पेशी वाळतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थोडं संप्रेरक बनवतच असतात. ते थेंब थेंब साठवून ही पेशी जगते आणि मग तिचीच पिलावळ माजते."

"म्हणजे इंजेक्शननेच रोग वाढवला?" मी विचारले.

"नाही. इंजेक्शनने तुम्हाला अडीच वर्षं दिली. फक्त, जी पेशी दुष्काळात तगली तीच मागे राहिली."

फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी १९९५ साली हे प्रथम दाखवले. उलटलेल्या २३ गाठींपैकी ७ गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या, पण त्याच रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या गाठींत तसे काही नव्हते. प्रत्येक रुग्णात असेच घडते असे नाही. रोग उलटण्याच्या आणखीही वाटा आहेत. अण्णांच्या गाठीने मात्र हीच वाट धरली होती.

इतका वेळ गप्प असलेले अण्णा एकदम हसले. "म्हणजे माझ्या आईनं एकच साचा दिला होता. बाकीचे या चोरट्यांनी पाडले!"

मग माझ्या मनातला दुसरा प्रश्न मी विचारला. मला आणि माझ्या मुलाला हे येणार का? डॉक्टर म्हणाले, "या जादा प्रती फक्त गाठीतल्या पेशींत असतात, त्या मुलांकडे जात नाहीत. पण वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग असेल, तर धोका साधारण दुप्पट असतो. तेव्हा तुम्ही पंचेचाळिशीतच डॉक्टरांना भेटा. कंबर शेकत बसू नका."

अण्णांना ॲबिराटेरॉनच्या गोळ्या सुरू झाल्या. अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळालेले हे औषध ते उरलेले थेंबही बनू देत नाही. रोज चार गोळ्या, उपाशीपोटी, आणि जोडीला स्टेरॉइड. त्यावर अण्णांनी आणखी दीड वर्ष काढले. नातवाला पाढे शिकवले, गच्चीवर तुळस लावली. २०२४च्या जानेवारीत ते गेले.

वर्षश्राद्धाला आईने माळ्यावरचा डबा खाली काढायला सांगितला. आदल्या रात्री बसून तिने बेसनाचे लाडू वळले. पहिला लाडू पानात वाढताना ती एवढेच म्हणाली, "त्यांना उगीच दोन वर्षं तोडले रे मी."