आधी रॉकेल, मग पिन

बर्फ ही वस्तू आपल्या उष्ण देशात एके काळी मोठ्या अपूर्वाईची होती. १८३३ साली अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांचा समुद्रप्रवास करून कलकत्त्यास पोहोचले. वाटेत पुष्कळसा बर्फ वितळला; तरी जवळजवळ १०० टन शिल्लक राहिला होता. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही असा परदेशी बर्फ येऊ लागला. १८५१ मध्ये जॉन गोरी या अमेरिकी डॉक्टरांनी बर्फ तयार करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. तापाने तळमळणाऱ्या रोग्यांच्या खोल्या थंड राहाव्यात, या इच्छेतून त्यांची खटपट सुरू झाली होती. आज बर्फ शीतकपाटात सहज तयार होतो. म्हणूनच त्याचे फारसे कौतुक कोणास उरलेले नाही.

रोग्याला बर्फाचे मोल किती असते, हे मला गेल्या वैशाखात नागपुरास कळले. माझ्या वडिलांच्या गुडघ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती. सूज उतरावी म्हणून दिवसातून चार वेळा बर्फाचा शेक द्यावा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आमच्या शीतकपाटात आपोआप बर्फ पाडणारे यंत्र आहे. नेमके त्याच आठवड्यात ते बंद पडले. दुरुस्ती करणारे गृहस्थ चार दिवसांनी येणार होते. साध्या ट्रेमध्ये पाणी ठेवून आम्ही थोडाफार बर्फ केला. पण तो दोन शेकांनाच पुरे.

वडिलांचे दुःख मात्र केवळ गुडघ्याचे नव्हते. घरातील घड्याळ, सायकल किंवा शिवणयंत्र त्यांनी उभ्या आयुष्यात कधी दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते. आता पेलाभर पाण्यासाठीही त्यांना कोणाला तरी हाक मारावी लागे. ते फारसे बोलत नसत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

माझी बारा वर्षांची भाची सुट्टीसाठी आली होती. तिने सहज विचारले, “आजोबा, हे यंत्र बिघडले म्हणजे नक्की काय झाले असेल?”

वडिलांनी कूस बदलली. म्हणाले, “पूर्वी घरोघर स्टोव्ह असत. स्टोव्ह पेटला नाही, तर उतावीळ माणूस आधी पिन घेऊन धावे. मी आधी टाकीत रॉकेल आहे का ते पाही, मग हवा भरली आहे का ते पाही आणि शेवटी पिन हाती घेई. जे पाहणे सोपे, ते आधी पाहावे. बरे, बर्फ तयार व्हायला काय काय लागते, सांग पाहू.”

मग खाटेवरून प्रश्न सुटू लागले आणि आम्ही दोघे उत्तरे आणू लागलो. यंत्राची रीत अशी असते : विजेवर चालणारी एक झडप काही सेकंद उघडते आणि नळीवाटे साच्यात पाणी पडते. पाणी गोठून पुरेसे थंड झाले, की साच्यातील खडे खालच्या पेटीत ढकलले जातात. पेटी भरली, की तारेचा एक दांडा वर उचललेला राहतो आणि काम थांबते.

दांडा खाली होता. कपाटातील तपमान उणे १८ अंश सेल्सिअस भरले. म्हणजे थंडीही हवी तितकी होती. पाण्याचा नळ उघडा होता. साचा मात्र कोरडा ठणठणीत! “म्हणजे पाणी वाटेतच कोठे तरी अडले आहे,” भाची म्हणाली.

मी आधी कपाटाची वीज बंद केली. साच्यावर येणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फाचा बूच बसला होता. सुरीने टोचले तर नळी फाटेल, म्हणून कोमट पाण्यात भिजवलेले फडके धरून तो वितळवला. आम्ही आनंदाने ती वार्ता सांगितली. वडील शांतपणे म्हणाले, “बूच निघाला, ठीक. पण तो तेथे बसला का? ते कळले नाही, तर परवा पुन्हा बसेल.”

भाचीला आठवले, की गेले पंधरा दिवस बर्फाचे खडे दिवसेंदिवस लहान पडत होते. हा धागा फार मोलाचा ठरला. लहान खडे म्हणजे साच्यात पाणी कमी. पाणी कमी म्हणजे दाब कमी. आम्ही गाळणीच्या अलीकडची नळी सोडून बादलीत धरली. धार जोमदार होती. पलीकडची धरली, धार सुतासारखी! गाळणी गाळाने भरून गेली होती. झडप घट्ट मिटण्यासाठीही पाण्याचा दाब लागतो. तो कमी पडल्यामुळे मिटलेल्या झडपेतून पाणी थेंब थेंब झिरपत राहिले आणि नळीतच गोठत गेले. गोठलेल्या बुचाचे मूळ असे कपाटाबाहेरच्या गाळणीत होते.

नवी गाळणी बसवली, पहिले पाणी वाहू दिले आणि वीज सुरू केली. आता वाट पाहण्याखेरीज काही करण्याजोगे नव्हते. असे यंत्र पूर्ववत् चालू लागण्यास एखादा दिवसही लागतो. पाणी गोठायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला द्यावाच लागतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरातून खडखड असा आवाज आला. वडील जागेच होते. “पडला,” एवढेच ते म्हणाले. पण त्या एका शब्दात बऱ्याच दिवसांनी त्यांचा जुना आवाज ऐकू आला.

पहिला घाणा आम्ही टाकून दिला. दुपारी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून ते उशीला टेकून बसले आणि नातीला म्हणाले, “ते भिंतीवरचे घड्याळ रोज पाच मिनिटे मागे पडते आहे. मामाला ते उतरवून द्यायला सांग. आणि माझा चष्मा आण.”