रोडग्याचा गहू

मराठीत 'बाहेरचे' या शब्दाला बरे दिवस कधी आलेच नाहीत. खेड्यात कुणाला 'बाहेरचे आहे' म्हटले की भूतबाधा समजावी. 'बाहेरची बसली आहे' म्हटले की चार दिवस स्वयंपाकघर बंद. आणि मुलाचे पोट दुखू लागले की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, 'बाहेरचे काही खाल्लेस का?' याउलट 'घरचे' हा शब्द प्रमाणपत्रासारखा वापरला जातो. घरचे तूप, घरचे लोणचे, घरचा मसाला. एकदा 'घरचे' म्हटले की पुढे काही विचारायची सोय राहत नाही.

या भेदामागे केवळ आरोग्याचा विचार होता असे मानण्याचे कारण नाही. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्या. रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य आले, तेव्हा त्या चहाच्या ताजेपणाविषयी कुणाची तक्रार नव्हती. तो कुणाच्या हातचा होता, एवढाच प्रश्न होता. आज तो प्रश्न उघडपणे विचारला जात नाही, पण 'बाहेरचे' या शब्दातली शंका मात्र राहून गेली आहे. ती शंका योग्य जागी घेतली जाते की नाही, याचा विचार मला प्रथम करावा लागला तो बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळ्याच्या वाटेवर.

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. संत सोनाजी महाराजांमुळे भाविकांना आणि अंबाबरवा अभयारण्यामुळे जंगलप्रेमींना ते ठाऊक असते. मला ते ठाऊक झाले सासरच्या नात्यामुळे. पुण्याहून जायचे तर रेल्वेने शेगाव गाठावे आणि तेथून रस्त्याने उत्तरेकडे निघावे. म्हणजे प्रवासाचा पहिला घास शेगावातच पडतो, आणि तो 'बाहेरचा' असतो.

शेगावची कचोरी ही रेल्वेची लेक. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी ती स्थानकावर विकायला सुरुवात केली आणि गाडीच्या प्रवाशांनी तिचे नाव दूरवर पोचवले. आकाराने बेताची, आत मूगडाळीचे कोरडे, तिखट सारण, सोबत मीठ लावलेली तळलेली हिरवी मिरची. चटणीचा पाणचट लवाजमा तिला लागत नाही. पोषणशास्त्राच्या कोणत्याही तक्त्यात ती सात्त्विक ठरणार नाही हे खरे. परंतु तिच्यापाशी एक गोष्ट असते, जी आपल्या पुष्कळशा 'घरच्या' जेवणापाशी नसते. कढई समोर असते. पीठ मळणारा, लाटणारा आणि तळणारा माणूस दिसतो. तेल काळे पडले असेल तर तेही दिसते, आणि मग न खाण्याचे स्वातंत्र्य आपल्याला असते.

याच शेगावात 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले, ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना. ज्या गावाच्या आठवणीत पहिले चित्रच टाकलेल्या अन्नाचे आहे, तेथे आज संस्थानात रोज पंगती उठतात. पंक्तीत बसणाऱ्याला ते अन्न बाहेरचे वाटत नाही. वरण-भाताची चव घेताना 'हे कुणी रांधले?' असे कुणी विचारत नाही. म्हणजे 'बाहेरचे' या शब्दाचा संबंध उंबरठ्यापेक्षा विश्वासाशी अधिक आहे, असे म्हणावे लागते.

आमच्या आधीच्या पिढ्या प्रवासात हा विश्वास बांधून बरोबर नेत. शिदोरीतील दशमी हा त्याचा उत्तम नमुना. दशमीचे पीठ दुधात भिजवायचे, पाण्याचा थेंब लावायचा नाही. सोवळ्याच्या दृष्टीने ती चालायची आणि पाण्यात भिजवलेल्या भाकरीपेक्षा अधिक टिकायची. धर्माचा नियम आणि टिकाऊपणाचा हिशेब येथे एकत्र नांदतात. अन्न बिघडते ते बहुधा पाण्यामुळे, ही जाण त्यामागे होती.

वऱ्हाडात ही जाण अधिकच हवी. शेगाव सोडून खिरोड्याच्या पुलावरून पूर्णा ओलांडताना जो प्रदेश दोन्ही बाजूंना पसरलेला दिसतो, तो खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापूस पाहावा तर डोळ्यांचे पारणे फिटावे, आणि विहिरीचे पाणी मात्र तोंडात धरवत नाही. या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, चहाला चव येत नाही. हे झाले स्वयंपाकघरापुरते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा जेव्हा जेव्हा होते, तेव्हा तेव्हा बोट या पाण्याकडे दाखवले जाते. वान धरणाचे गोडे पाणी गावोगाव पोचवण्याची एकशेचाळीस गावांची योजना याच दुःखातून आली. येथील गृहिणीने घरी, स्वच्छ भांड्यात, ताजी भाजी शिजवली तरी ती निर्दोष असेलच असे नाही; कारण घरच्या अन्नातील सर्वांत मोठा घटक, पाणी, घराच्या हातात नव्हता.

पुढे डोंगराच्या निळ्या रेषा स्पष्ट होऊ लागतात आणि जमिनीचा पोत बदलतो. सोनाळ्याच्या शिवारात मी रोडगे खाल्ले ते एका पौषात. शेत आमच्या नात्यातल्यांचे. गहू ओंबीवर यायचा होता, तूर सोंगून झाली होती, आणि विहिरीजवळच्या निंबाखाली सकाळपासून गोवऱ्या रचल्या जात होत्या. मी सवयीने पदर खोचून पुढे झाले, तर धाकट्या दिरांनी थांबवले. "वहिनी, तुमी हात लाऊ नोका. आज सैपाक मानसाईचा हाये." रोडग्यांच्या जेवणात अनेक ठिकाणी पुरुषच रांधतात. घरात पाण्याचा तांब्याही हातात मागणारे हे पुरुष शेतावर मात्र पीठ मळतात, वांगी चिरतात, पाटावरवंट्याजवळ बसतात. घराबाहेर पडले की स्वयंपाक बाईचा उरत नाही, ही गोष्ट मला जेवणाइतकीच चविष्ट वाटली.

रोडग्याचे पीठ जाडसर दळलेले असते. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळतात. लहान लहान तीन-चार पाऱ्या तेलाचा हात लावून एकीवर एक ठेवायच्या, आणि शेवटी एका मोठ्या पारीने त्या सगळ्यांना पोटात घेऊन गोळा बंद करायचा. गोवऱ्यांचा धूर पूर्ण सरू द्यायचा, हा पहिला नियम. धूर असताना घाई केली तर रोडगा वरून काळा आणि आतून कच्चा राहतो. आर पसरून त्यावर रोडगे मांडतात, उलटसुलट करतात, कवच धरले की गरम राखेत पुरतात आणि मग कुणीतरी थंडपणे बिडी पेटवतो. पाऊण-एक तास काहीच करायचे नसते. शेवटी फडक्यात घेऊन राख झटकायची आणि मुठीने फोडायचा. आतून पाऱ्या पदर सुटल्यासारख्या मोकळ्या होतात. त्यावर तूप, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. पळसाच्या पानात गुंडाळून भाजले की त्याचेच पानगे होतात. त्या पानांचा तुरट वास निराळा.

हा पदार्थ जुना आहे. एकनाथांच्या भारुडातील सासुरवाशीण भवानीला नवस बोलते तो रोडग्याचा. वऱ्हाडात मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य होतो. नवसाला रोडगाच का, याचे एक उत्तर सरळ आहे. हा ज्वारीचा मुलूख. रोजच्या ताटात ज्वारीची भाकर, क्वचित कळण्याची. गहू सणाचा, पाहुण्याचा, देवाचा. जे रोज मिळत नाही तेच देवाला कबूल करायचे असते.

पुण्यात परतल्यावर रोडगे घरी करून पाहावेत असे वाटणे साहजिक होते. मराठीत 'बेकिंग'ला स्वतंत्र शब्द नाही. शेंगदाणे, वांगे, पापड आणि रोडगा, सर्वांना आपण 'भाजणे' हे एकच क्रियापद लावतो. त्यामुळे बेकिंग ही साहेबाकडून शिकलेली विद्या, असा आपला समज होऊन बसला आहे. लहानपणी दिवाळीआधी आम्ही रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जात असू आणि भट्टीतून आपल्याच जिनसांच्या नानकटाया डब्यात भरून आणत असू. ते घरचे की बाहेरचे? जिन्नस घरचे, विस्तव बाहेरचा. आता विजेच्या भट्टीत मी रोडगे भाजते तेव्हा विस्तवही घरचा असतो. रोडगे एकसारखे तांबूस होतात, पदरही सुटतात. गोवरीचा वास येत नाही, तो यावा अशी अपेक्षाही नाही. पाहुणे नावाजतात. आणि मीही अनेक वर्षे त्यांना समाधानाने सांगत असे की सारे ताजे आहे, घरचे आहे.

ते समाधान डळमळले ते 2025 च्या जानेवारीत. शेगाव परिसरातील गावांमधून बातम्या येऊ लागल्या की माणसांचे केस अचानक, मुठीने ओढावेत तसे, गळत आहेत. काही दिवसांत टक्कल. अडीचशेहून अधिक माणसे, त्यांत बायका आणि मुलेही. ज्या रस्त्याने मी सोनाळ्याला जाते त्याच्या आसपासची ही गावे. पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला, मग साबणा-शांपूवर. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तपासात रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळल्याचे प्रसिद्ध झाले. विंचूदंशावरील संशोधनासाठी विख्यात असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन नमुने घेतले आणि बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर. स्थानिक गव्हाच्या मानाने त्यात सेलेनियम कितीतरी पटींनी अधिक असल्याचे त्यांनी सांगितले. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असेही पुढे आले. त्यांच्या निष्कर्षावर वाद झाले. पण पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातील, शिवालिकच्या पायथ्याच्या काही जमिनी सेलेनियमने भारलेल्या आहेत, हे मृदाशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

त्या बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांपुढे येत होती ती त्या घरांतील पोळी. रोज सकाळी केलेली, तव्यावरून थेट ताटात पडलेली. तिच्याइतके ताजे आणि घरचे अन्न दुसरे कोणते असणार? परंतु तिचे पीठ एका डोंगराच्या पायथ्यापासून दुसऱ्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत, हजार-दीड हजार किलोमीटर प्रवास करून आलेले होते, आणि त्या प्रवासाविषयी खाणाऱ्याला काहीही ठाऊक नव्हते. कचोरी करणाऱ्याची कढई दिसत होती. या गव्हाचे शेत कुणालाच दिसत नव्हते.

येथे शहरी वाचकाला एक सोपी पळवाट सुचेल, तीच मला आधी सुचली होती: गावचा बन्सी किंवा खपली गहू मागवावा आणि निश्चिंत व्हावे. मला ते परवडते. ज्यांचे केस गेले त्यांना परवडत नाही. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, 2023 पासून मोफत मिळते, आणि ते मिळाले नसते तर अनेक घरांत चूलच पेटली नसती. म्हणून रेशनला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. प्रश्न वेगळा आहे. कपाशी आणि सोयाबीन पिकवणाऱ्या या तालुक्यांत ज्वारी मागे हटली, आणि गहू, जो देवाला कबूल करायची वस्तू होता, तो रोजचा झाला. रोजचा झाला तेव्हा तो आपल्या शिवाराचा राहिला नाही. त्याच कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे. वऱ्हाडातील रेशनच्या दुकानात वऱ्हाडचीच ज्वारी नियमित मिळावी, ही मागणी मला तरी अवास्तव वाटत नाही. आणि बाहेरून येणारा गहू वाटण्याआधी तपासला जावा, ही तर मागणी म्हणण्याचीही गोष्ट नव्हे.

आहाराविषयी आपण पुष्कळ बोलतो. किती तेल, किती साखर, हॉटेलात महिन्यातून किती वेळा. हे बोलणे निरर्थक नाही. परंतु त्यातली सारी शंका उंबरठ्याबाहेर रोखलेली असते, आणि गव्हाचे पोते, पाण्याचा नळ, तेलाचा डबा मागच्या दाराने सन्मानाने आत येतात. सोनाळ्याच्या शेतावर त्या दिवशी रोडगा फोडताना वडीलधाऱ्यांनी सहज सांगितले होते, हा गहू विहिरीकडच्या वावरातला, वरच्या वावरातला यंदा बारीक पडला. तेव्हा मी ते शेतकऱ्याचे कौतुक म्हणून ऐकले. खाणाऱ्याला तेवढे सांगणे ही पंक्तीची रीतच होती, हे आता उमगते. रीत सांगणाऱ्याची असेल तर विचारणाऱ्याचीही असायला हरकत नाही. पीठ गिरणीतून आणताना, बेकरीत पाव घेताना, प्रवासात ढाब्यावर बसताना मी आता 'गहू कुठला?' असे विचारते. बहुतेक ठिकाणी माणसे चमकून पाहतात. परवा गिरणीवाल्याने मात्र पोत्यावरची चिठ्ठी उलटून वाचली आणि म्हणाला, "ताई, यावर नुसते वजन लिहिलेय."