नोकरी एकाची, कॅनडा तिघांचा

विद्यापीठ नेमणूक एकाची करतं, विमानातून उतरतं मात्र अख्खं घर. उणे वीस अंशांत ही घरं रुजतात कशी? एडमंटनमध्ये तीन आठवडे राहून केलेली ही चौकशी.

ऑफर लेटरवर नाव एकच असतं. 'असिस्टंट प्रोफेसर, टेन्युअर ट्रॅक' वगैरे. त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो, पेढे वाटले जातात, आजी सोसायटीभर सांगून येते. त्या पत्रात नाव नसलेली दोन माणसं मात्र त्याच विमानात बसलेली असतात. एक बायको (किंवा नवरा), जिची इथली चालती प्रॅक्टिस बंद झालेली असते. आणि एक पोरगं, ज्याला कुणी काही विचारलेलंच नसतं.

आपण म्हणतो, 'तो कॅनडात सेटल झाला.' बघा, क्रियापदसुद्धा एकवचनी! प्रत्यक्षात सेटल व्हायचं असतं तिघांना, आणि तिघांचा वेग वेगळा असतो. नोकरीवाल्याला पहिल्याच दिवशी टेबल, खुर्ची, लॅपटॉप आणि दारावर नावाची पाटी मिळते. बाकी दोघांच्या पाटीचं काय?

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, जिजू आणि पाच वर्षांचा भाचा ऑगस्ट २०२४ मध्ये एडमंटनला गेले. जिजू युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टामध्ये इंजिनीअरिंग शिकवतात. मी जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याकडे तीन आठवडे राहून आले. 'जानेवारीत? वेडी आहेस का?' हे सगळ्यांनी विचारून झालंय, तेव्हा तुम्ही नका विचारू. एडमंटन हिवाळ्यातच बघावं, कारण तिथे राहणं म्हणजे काय ते तेव्हाच कळतं.

पेट्रोलची गाडी, विजेचा प्लग

टोरंटो, व्हँकुव्हर आपल्याला ठाऊक असतात. एडमंटन ही अल्बर्टा प्रांताची राजधानी, पण आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नसतं. त्या हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे होतं. म्हणजे काटे फक्त अर्धा तास हलवायचे आणि दिवसाला रात्र समजायचं! सकाळी साडेआठच्या सुमाराला उजाडतं, पाचला सूर्य मावळतो. शहराच्या मधोमध नॉर्थ सस्कॅचवन नदीची खोल, झाडीभरली दरी आहे. नदी गोठलेली, पांढरी. तिच्यावर १९१३ चा काळाकभिन्न, पोलादी हाय लेव्हल ब्रिज. पुलाच्या दक्षिण टोकाजवळ १९०८ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ. कॅम्पसवर १९८३ च्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांसाठी बांधलेली एक प्रचंड पिवळीधम्मक इमारत आहे. अगदी लोण्याची वीट ठेवल्यासारखी! सगळे तिला 'बटरडोम'च म्हणतात.

पहिल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये मी थबकलेच. गाड्यांच्या नाकातून वायरी लोंबत होत्या आणि लोक त्या खांबावरच्या प्लगमध्ये खुपसत होते. इलेक्ट्रिक गाड्या? छे हो, पेट्रोलच्याच! इंजिन रात्रभरात इतकं गारठतं की सकाळी सुरू होत नाही, म्हणून त्याला ऊब देणारा ब्लॉक हीटर बसवलेला असतो. ताईला हे पहिल्या थंडीत शेजाऱ्यानं समजावून सांगितलं. "गाडीला पण स्वेटर लागतो गं इथे," ती म्हणाली.

यादी लांबलचक, पण सोपी

परक्या देशातले पहिले ३० दिवस म्हणजे नुसती कागदपत्रं. विद्यापीठाकडून त्याची यादी ई-मेलवर आली होती. नऊ आकडी सोशल इन्शुरन्स नंबर, ज्याच्याशिवाय पगार नाही. बँक खातं. घराचा करार. इथे एक दिलासा म्हणजे अल्बर्टाच्या कायद्यानुसार घरमालक एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागू शकत नाही. मुंबई-पुण्याच्या भाडेकरूंनो, ऐकताय ना? पण घर मिळायच्या आधी क्रेडिट हिस्ट्री विचारतात, आणि पुण्यात चोख जपलेला सिबिल स्कोअर तिथे शून्य. आपल्या लायसन्सवर गाडी चालवायला रहिवासी झाल्यापासून ९० दिवस मिळतात. मग पुन्हा लेखी, पुन्हा रोड टेस्ट.

सरकारी आरोग्य योजनेसाठी आल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला, तर संरक्षण रहिवासी झाल्याच्या दिवसापासून. अल्बर्टात तिचा हप्ताही नाही, तो २००९ मध्येच रद्द झाला. मात्र जगभर नावाजलेल्या या योजनेत सर्वसाधारणपणे दात येत नाहीत! डेंटिस्टचा खर्च बहुतेक नोकरदार कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या विम्यातून भागवतात. हे वाचून ताई म्हणे खूप हसली होती. कारण ताई डेंटिस्ट आहे. कोथरूडमध्ये तिचा स्वतःचा दवाखाना होता.

जिजूंचं ओरिएंटेशन झालं तेव्हा सुरुवातीलाच सांगण्यात आलं की ही जमीन 'ट्रीटी सिक्स'ची आहे. म्हणजे ब्रिटिश राजसत्ता आणि क्री वगैरे मूळ रहिवासी यांच्यात १८७६ मध्ये झालेल्या कराराची. मला हे आवडलं. नव्यांचं स्वागत करताना आधीपासून असलेल्यांची आठवण काढायची.

तर, यादी लांब होती, पण सोपी होती. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करता येत होती. ऑक्टोबर संपेपर्यंत सगळ्या खुणा झाल्या. आणि मग नोव्हेंबरात ताई रडायला लागली.

यादीत नसलेली गोष्ट

तिनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही भांडी घासत होतो. "सकाळी हा जातो. पिल्लूला शाळेत सोडते. त्याची शाळा अर्ध्या दिवसाची. परत आणते. मधे मी काय असते?" तिनं 'काय करते' म्हटलं नाही, 'काय असते' म्हटलं.

पिल्लूचं बरं चाललं होतं. टोपीला 'टूक' म्हणतात हे तो मलाच शिकवत होता. स्नो पँट, बूट, जॅकेट, टूक, मिटन्स हा क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आधी मिटन्स घातले तर चेन कशी लावणार? पाच वर्षांचं पोर हे सगळं एकट्यानं करतं आणि वर 'मावशी, तू स्लो आहेस' म्हणतं.

ताईचं तसं नव्हतं. भारतातली डिग्री असली तरी कॅनडात दाताला हात लावायचा तर राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षांची साखळी पार करावी लागते. आधी ज्ञानाची लेखी परीक्षा, पुढे हाताचं कौशल्य तपासणारी परीक्षा, मग लायसन्स. पैसे हजारो डॉलर्सच्या घरात आणि काळ वर्षांच्या हिशेबात. फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, नर्स, सगळ्यांच्या अशाच वेगवेगळ्या शिड्या. विद्यापीठाच्या यादीत हे नव्हतं, कारण विद्यापीठानं तिला नेमलं नव्हतं.

तळघरातली जॅकेटं

इथे एंट्री होते काकूंची. काकांनी विद्यापीठात हयात घालवली, आता ते निवृत्त आहेत. काकूंचं घर कॅम्पसपासून जवळ. तळघरात दोन लांब रॉडवर टांगलेली जॅकेटं, खाली मापानुसार लावलेले बूट. नवं कुटुंब येतं, घेऊन जातं. मुलं वाढतात, जॅकेटं परत येतात. पिल्लूच्या निळ्या जॅकेटच्या आत, कॉलरपाशी, मार्करनं लिहिलेली तीन नावं होती. दोन खोडलेली. तिसरं त्याचं.

मला वाटलं, काकूंचं काम म्हणजे हेच. जॅकेट, कढीपत्ता कुठे मिळतो, मुलांचा डॉक्टर कोण. पण त्यांच्याकडे एक वहीही आहे. तिच्यात प्रत्येक घराचं एक पान, आणि पानावर वर नाव असतं ते नोकरी नसलेल्या माणसाचं.

"नोकरीवाल्याची काळजी विद्यापीठ घेतं गं," काकूंनी चहा ओतता ओतता सांगितलं. "त्याला विचारलं की तो 'सगळं छान' म्हणतो. आणि ते खरंही असतं. पण घर परत जातं ना, ते त्याच्यामुळे जात नाही. दुसऱ्या माणसामुळे जातं. मी पाहिलीयत अशी घरं. चांगल्या नोकऱ्या सोडून गेली."

काकूंचा पहिला फोन तिसऱ्या आठवड्यात जातो, दुसरा नोव्हेंबरात. का? तर तिसऱ्या आठवड्यात नव्याची नवलाई संपते आणि नोव्हेंबरात उजेड. ताईला तो दुसरा फोन आला तेव्हा काकूंनी विचारलं, "तू काय करतेस?" ताई म्हणाली, "काही नाही." काकू म्हणाल्या, "काही नाही कसं? डेंटिस्ट आहेस ना?"

एवढंच. पण ताई म्हणते, दोन महिन्यांत 'आहेस' म्हणणारं पहिलं माणूस भेटलं. बाकी सगळे 'होतीस ना?' म्हणायचे.

मग कामं ठरली. डिग्रीची कागदपत्रं पाठवायची. लायब्ररीत रोज दोन तास अभ्यास. नव्यानं आलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थांत जाऊन यायचं. आणि ओळखीतून एका दवाखान्यात सकाळच्या वेळेत रिसेप्शनवर काम. स्वतःच्या दवाखान्यात खुर्चीशेजारी उभी राहणारी ताई आता काउंटरपलीकडून अपॉइंटमेंट देते. "वाईट वाटतं का?" मी विचारलं. "वाटतं," ती म्हणाली. "पण निदान ड्रिलचा आवाज येतो." मी गप्प बसले.

ग्रुपवरचा भूकंप

मी तिथे असतानाच नव्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खळबळ उडाली. २१ जानेवारी २०२५ पासून कॅनडानं परदेशी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या ओपन वर्क परमिटचे नियम आवळले. कर्मचाऱ्याची नोकरी वरच्या कौशल्यगटातली किंवा ठरावीक यादीतली हवी, आणि त्याच्या परमिटची निदान १६ महिने मुदत शिल्लक हवी. अशा कर्मचाऱ्यांच्या मुलांना हे परमिट मिळणं तर बंदच. 'आता आपल्याला घरीच बसवणार', 'परमिट काढून घेणार', रात्री बारापर्यंत फोन खणखणत होते.

काकूंनी अधिकृत नियम वाचला आणि एकच मेसेज टाकला: विद्यापीठात शिकवणारे वरच्या गटात येतात, दार उघडं आहे, मुदतीच्या तारखा तपासा, अफवा पुढे पाठवू नका. ताईनं त्या रात्री दोघांचे परमिट काढून तारखा मोजल्या. हिशेब जमत होता. पण मला कळलं की या घराचा अर्धा पाया एका कागदावर उभा आहे. कॅनडातल्या विद्यापीठांच्या जाहिरातींत एक ठरलेली ओळ असते: पात्र उमेदवार सगळे अर्ज करू शकतात, मात्र नागरिक आणि कायम रहिवाशांना प्राधान्य. ती चाळणी जिजूंनी पार केली होती. ताईची चाळणी अजून पुढे होती.

काचेतलं कोकण

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चल, तुला माझी जागा दाखवते." एलआरटीनं डाउनटाउन, तिथे गाडी बदलून नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या व्हॅली लाइननं नदीपलीकडे मटार्ट स्टॉपला. बर्फात उभे चार काचेचे पिरॅमिड. १९७६ मध्ये उघडलेली ही मटार्ट कन्झर्व्हेटरी. एका पिरॅमिडमध्ये उष्ण कटिबंधातली झाडं आहेत. आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. ओल्या मातीचा, पानांचा, कुजक्या पाचोळ्याचा वास. बाहेर उणे वीस, आत कोकणातला श्रावण!

ताई जॅकेट काढून बाकावर बसली, पिशवीतून प्रश्नसंच काढला आणि पेन्सिलनं उत्तरं लिहायला लागली. मी तासभर केळीची पानं बघत फिरले. आमच्यात एक शब्द झाला नाही. त्या तीन आठवड्यांत ती मला सगळ्यात ताईसारखी दिसली ती इथे.

जाणार असाल तर

• डिग्री, मार्कशीट आणि कौन्सिलची पत्रं जोडीदाराचीही सोबत न्या. ती भारतातून मागवण्यात महिने जातात.
• जोडीदाराचा व्यवसाय परवान्याचा असेल, तर परीक्षेची माहिती ऑफर स्वीकारण्याआधी काढा, नंतर नाही.
• मुलाखतीत विद्यापीठाला बिनधास्त विचारा: जोडीदाराला काय मदत करता? हा प्रश्न तिथे उद्धट समजत नाहीत.
• लहान मुलं असतील तर पाळणाघराचा नंबर आधी लावा. अल्बर्टात एप्रिल २०२५ मध्ये परवानाधारक पाळणाघरांत पूर्णवेळ मुलासाठी पालकांची फी महिना ३२६.२५ डॉलर ठरली. दर ठरला म्हणून जागा मिळेलच असं नाही.
• भारी जॅकेट इथे विकत घेऊ नका. तिथे कुणाच्या तरी तळघरात तुमच्या मापाचं लटकलेलं असेल.

माझ्या शेवटच्या आठवड्यात नागपूरचं एक जोडपं येणार होतं. नवरा पोस्टडॉक. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून दोन जॅकेटं आणि वही घेऊन विमानतळावर ताई गेली. मीही सोबत. जिजू नवऱ्याला सामानासकट पुढे घेऊन गेले. ती मुलगी, जॅकेटच्या बाह्या हातभर लांब, दाराबाहेरचं बर्फ बघत उभी राहिली होती.

"तू काय करतेस?" ताईनं विचारलं.

"सध्या काहीच नाही. इथे आले ना..."

"सध्याचं नाही विचारलं. काय करतेस?"

ती जराशी थांबली. "फार्मासिस्ट आहे."

ताईनं वही उघडली आणि नव्या पानावर वर तिचं नाव लिहिलं.