नदी सरकली, तर हद्दही सरकते का?



तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्राचा नकाशा आहे ना? तो उघडा बरं. आता अमरावती जिल्हा शोधा आणि बोट वर वर सरकवत न्या. जिथे महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश सुरू होतो, तिथे थांबा. सापडलं? तिथेच आमचं धारणी आहे. मी या तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत शिक्षक आहे. चला, आज तुम्हाला आमच्याकडे फिरवून आणतो.

अमरावतीहून धारणी दीडशे किलोमीटरच्या आसपास. परतवाडा सोडलं की एसटी घाट चढू लागते आणि मेळघाटचं जंगल सुरू होतं. सगळीकडे साग आणि साग. मग सेमाडोहला सिपना नदी भेटते. 'सिपना' हा कोरकू भाषेतला शब्द. त्याचा अर्थ साग! म्हणजे नदीलाच झाडाचं नाव. पुढे हरिसाल आणि मग धारणी. वळणं इतकी, की ज्यांना गाडी लागते त्यांनी चिंच खिशात ठेवावी.

आमच्या वर्गातली बरीचशी मुलं कोरकू. घरी कोरकू बोलतात, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी. मी नवीन आलो तेव्हा एका मुलाने मला पहिला शब्द शिकवला, 'डा'. डा म्हणजे पाणी. आज आपण त्या 'डा'चीच गोष्ट ऐकणार आहोत.

मेळघाटातल्या खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या शेवटी तापीला मिळतात. तापी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून गुजरातमध्ये सुरतजवळ समुद्राला मिळते. आपल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात. ही मात्र पश्चिमेकडे धावते. आणि आमच्या भागात काही अंतर तीच दोन राज्यांची हद्द आहे. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश.

"सर, रेघ कुठं आहे?"

दिवाळीची सुटी संपल्यावर मी मुलांना तापीवर नेलं. सहल कसली, भाकरी बांधून पायी भटकंतीच ती! काठावर पोचल्यावर चौथीतल्या एका पोराने कमरेवर हात ठेवून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, नकाशात तर रेघ हाये. इथं काहूनच दिसून नाही राहिली?"

सगळे हसले. पण प्रश्न काही साधा नव्हता. नदी ही रेघ म्हणावी, तर तिला रुंदी असते. मग नेमकी हद्द कोणती? हा काठ, तो काठ, की मधोमध?

मी म्हणालो, "नदीला हद्द मानायची झाली, की पुष्कळ ठिकाणी तिची सगळ्यात खोल धार हीच हद्द धरतात. उन्हाळ्यात पाणी कमी झालं तरी जी धार शेवटपर्यंत वाहते, ती."

"आणि ती धारच सरकली तर?"

हा प्रश्न मागून आला. विचारणारी मुलगी एरवी वर्गात फार बोलत नाही. मी उत्तर देण्याआधीच तिचे आजोबा हसले. आम्हाला वाट दाखवायला ते सोबत आले होते. म्हणाले, "गुरुजी, हिला ते चांगलं ठाऊक हाये. विचारा तिलाच."

डांगरवाडीचं भांडण

मग आजोबांनीच गोष्ट सांगितली. नदीच्या वळणावर मळईचा एक लांबट पट्टा आहे. नदीचं पात्र खरं तर सरकारचं. पण पाणी ओसरलं, की काठची माणसं रेतीत आळी करून डांगर, टरबूज, काकडी लावतात. आमच्याकडे त्याला डांगरवाडी म्हणतात. हा पट्टा आपल्या काठाला लागून होता, धार त्याच्या पलीकडून वाहायची. तिथे या मुलीचे बाबा डांगर लावायचे.

एका पावसाळ्यात मोठा पूर आला. पूर ओसरला आणि पाहतात तो काय, पट्टा जागेवरच होता, पण धार आता अलीकडून वाहत होती! पट्टा पलीकडच्या काठाला चिकटला होता.

पलीकडच्या गावात कोण राहतं माहीत आहे? या मुलीचा मामा! सोयरीक करताना कोणी राज्य विचारत नाही. मामाने त्या पट्ट्यावर बी टोचलं. बाबा म्हणाले, "ही वाडी माझी, किती वर्षांपासून मी लावतो." मामा म्हणाला, "धार पाहा. धारेच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं आमचं." शब्दाने शब्द वाढला. त्या उन्हाळ्यात ही मुलगी मामाच्या गावाला गेली नाही. तिची आई भावाच्या घरच्या लग्नालाही गेली नाही. ज्या नदीतून गुडघाभर पाण्यात चालत पलीकडे जाता येतं, ती एकदम समुद्राएवढी रुंद झाली.

मुलगी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने रेती उकरत होती.

"मग?" पोरांनी विचारलं.

मग दोन्हीकडचे म्हातारे नदीत बसले. अक्षरशः नदीत, रेतीवर! त्यांनी ठरवलं, की धारेवर भरवसा ठेवायचा नाही. ती आज इथे, उद्या तिथे. जे हलत नाही ते धरायचं. या बाजूला एक मोठा काळा खडक आहे आणि खालच्या अंगाला एक जुनं जांभूळ. खडकापासून जांभळापर्यंत दोर ताणायचा. दोराच्या अलीकडची रेती आपली, पलीकडची त्यांची. पाणी कुठूनही वाहो!

दोर ताणल्यावर पट्ट्याचा मोठा भाग बाबांकडे आला. पण सगळ्यात जास्त ओल धरणारा तुकडा मामाकडे गेला. बाबांना ते जड गेलंच. आजोबा म्हणाले, "मी पोराला म्हणलं, डांगर दरसाल लागते. बहिणीचा भाऊ दरसाल लागते का?"

दोन राज्यांनीही दोर ताणला!

मित्रांनो, तुम्हाला वाटेल ही खेड्यातली गोष्ट. पण अगदी असंच आपल्या देशातल्या दोन मोठ्या राज्यांनी केलं आहे.

उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्यामध्ये काही ठिकाणी गंगा आणि घाघरा या नद्या हद्द होत्या. त्या भागातली जमीन सपाट आणि मऊ गाळाची. पुरात नदी एक काठ खाते आणि दुसऱ्या काठाला गाळ आणून टाकते. या गाळाच्या जमिनीला तिकडे 'दियारा' म्हणतात. खोल धार हीच हद्द असल्यामुळे धार सरकली की शेतं, कधी गावंसुद्धा, या राज्यातून त्या राज्यात जायची. शेतसारा कोणाकडे भरायचा? तक्रार कोणत्या ठाण्यात करायची? पेरलं एकाने आणि कापून नेलं दुसऱ्याने, अशी भांडणं व्हायची. लाठ्या चालायच्या.

शेवटी दोन्ही राज्यांनी एक मध्यस्थ मान्य केला. त्यांचं नाव चंदुलाल माधवलाल त्रिवेदी. हे गृहस्थ आपल्याला अगदीच परके नाहीत. इंग्रजांच्या काळात ते मध्य प्रांत व वऱ्हाडात अधिकारी होते. १९६४ साली त्यांनी निवाडा दिला. सरकत्या धारेऐवजी जमिनीवर एक कायमची रेघ आखावी, असं ठरलं. म्हणजे आमच्या आजोबांचा खडक आणि जांभूळच की!

पण इथे एक फरक लक्षात ठेवा. राज्यांची हद्द नुसत्या सहमतीने बदलत नाही. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे तो अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपती आधी त्या राज्यांच्या विधिमंडळांचं मत मागवतात, मग संसद कायदा करते. त्याप्रमाणे १९६८ साली संसदेने बिहार आणि उत्तर प्रदेश यांच्या हद्दी बदलण्याचा कायदा केला. पुढे यमुनेकाठी हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांच्यातही उमाशंकर दीक्षित यांनी १९७५ मध्ये निवाडा दिला आणि १९७९ मध्ये तसाच कायदा झाला.

मग सगळं गोड झालं का? नाही. यमुनेकाठचे हद्दीचे खांब पुरात वाहून गेले आणि शेतकऱ्यांचे वाद पुन्हा पुन्हा उठले. गंगेकाठची काही गावं आपल्या राज्यातच राहिली, पण नदीच्या पलीकडे पडली. कचेरीचं काम निघालं की नाव शोधा! कायमची रेघ भांडण कमी करते, पण नदीला काही ती वाचता येत नाही.

परदेशातही हेच

अमेरिकेत टेक्सास आणि ओक्लाहोमा या राज्यांमध्ये रेड नावाची नदी आहे. तिथे दक्षिणेकडचा काठ ही हद्द. पण काठ नेमका कुठे सुरू होतो, यावर वर्षानुवर्षं वाद! शेवटी दोन्ही राज्यांनी सोपी खूण ठरवली. दक्षिण काठावर गवत-झाडांची जी कायमची रेघ सुरू होते, ती हद्द. २००० साली त्यांच्या संसदेनेही या कराराला संमती दिली.

युरोपात तर दोन देशांनी जमिनीची अदलाबदल केली. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्यामधल्या मास नदीची वळणं बोटी नीट जाव्यात म्हणून सरळ केली होती. त्यामुळे दोन्ही देशांचे काही तुकडे नदीच्या भलत्याच बाजूला अडकले. बेल्जियमच्या पोलिसांना आपल्याच तुकड्यावर जायचं तर होडीने जावं लागे, नाहीतर दुसऱ्या देशातून! २०१६ मध्ये करार झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून हद्द बदलली. बेल्जियमने सुमारे १६ हेक्टर दिले आणि सुमारे ३ हेक्टर घेतले. जास्त दिलं म्हणून कोणी रुसलं नाही!

मग आमची तापी?

तुम्ही विचाराल, तापी का नाही अशी सरकत? त्याचं उत्तर पायाखाली आहे. गंगेचं मैदान मऊ गाळाचं. आमच्याकडे मात्र सातपुड्याचा कणखर खडक. इथे तापी डोंगरांच्या मधून, खोल पात्रातून वाहते. तिच्या पोटातली रेती इकडची तिकडे होते, पण ती स्वतः सहसा घर बदलत नाही.

उलट आमच्याकडे नदी जागेवर राहिली आणि राज्यंच सरकली! पूर्वी वऱ्हाड आणि पलीकडचा निमाड-बैतूलचा भाग एकाच राज्यात होते. त्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आपलं नागपूर. तेव्हा तापी ही नुसती जिल्ह्यांची हद्द. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि वऱ्हाड मुंबई राज्यात आलं. ३१ ऑक्टोबरला रात्री झोपलेली माणसं सकाळी उठली, तेव्हा समोरच्या काठावर दुसरं राज्य होतं. मामाचं घर तेच, पायवाट तीच, राज्य मात्र वेगळं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि तापी आपल्या राज्याची सीमा बनली.

आता तापीच्या पाण्यावरही दोन्ही राज्यं एकत्र बसली आहेत. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा करार झाला. पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी अडवायचं, कालव्यांनी न्यायचं आणि जमिनीत मुरवायचं, अशी ही योजना. नदीचा एकच काठ आपल्याकडे असला, तर एकट्याला बांध घालता येत नाही. बांधाचं दुसरं टोक शेजाऱ्याच्या जमिनीत टेकतं. म्हणून विचारावंच लागतं.

त्या दिवशी परत निघताना मी त्या मुलीला विचारलं, "यंदा उन्हाळ्यात मामाकडे जाणार का?"

ती म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यातच गेली होती सर. मामानं त्याच तुकड्यातलं डांगर खाऊ घातलं." मग जरा थांबून म्हणाली, "बाबाच्या डांगरापेक्षा गोड होतं. पण घरी नाही सांगितलं."

मित्रांनो, तुमच्या गावाची शीव कुठे आहे, ठाऊक आहे का? ओढा आहे, दगड आहे, की एखादं जुनं झाड? या रविवारी आजी-आजोबांना विचारा आणि त्यांच्यासोबत तिथवर जाऊन या. जाताना वहीत नकाशा काढा. आणि शिवेपलीकडच्या गावात तुमचं कोण राहतं, तेही त्यात लिहायला विसरू नका!